नुसते विचारले म्हणून

नाशिकात घर असले की पाहुण्यांना तोटा नसतो. कोणी त्र्यंबकेश्वराला निघालेले असते, कोणी सप्तशृंगीला, तर कोणाला नुसते गंगेवर स्नान करायचे असते. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) पाहुणा कोणत्याही कामासाठी आलेला असो, त्याला पंचवटी दाखवून आणणे हे यजमानाचे कर्तव्य ठरते. मी पडलो कॉलेजात मराठी शिकवणारा. बोलण्याची सवय हाडीमासी मुरलेली. पंचवटीवरचे माझे व्याख्यान इतक्या वर्षांत असे घोटून झाले आहे, की रामकुंडापाशी सुरू केलेले वाक्य बरोबर सीतागुंफेच्या दाराशी संपते.

गेल्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण तिच्या मुलीला घेऊन चार दिवस आली होती. भाची अकरा वर्षांची. आम्ही सगळे तपोवनात गेलो. कपिला जिथे गोदावरीला मिळते, तिथे उभे राहून मी माझे हमखास टाळी घेणारे वाक्य म्हटले, "इथे लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले. नाक म्हणजे नासिका. म्हणून आपले गाव नाशिक!"

इथे पाहुणे नेहमी हसतात. भाची हसली नाही.

"मामा, पण तिनं केलं काय होतं?"

"तिने रामाला विचारले, माझ्याशी लग्न करशील का म्हणून."

"मग नाही म्हणायचं ना! नुसतं विचारलं म्हणून नाक कापायचं?"

"अगं, ती राक्षसीण होती," मी म्हणालो. वर्गात एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसले की मी ज्या ठाम आवाजात बोलतो, त्याच आवाजात. बहिणीने उसाच्या रसाचे आमिष दाखवून मुलीला पुढे नेले आणि प्रसंग निभावला. माझी पत्नी मात्र मागेच राहिली होती. पाण्याकडे पाहत उभी होती. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याकडे एरवी माझे लक्ष जात नाही. त्या दिवशी गेले.

रात्री मी वाल्मीकीचे अरण्यकांड काढून बसलो. भाचीला खोटे सांगितले की खरे, एवढे तरी पाहावे! तिला सांगायचे राहिले ते असे, की शूर्पणखेचे नाक नुसते विचारले म्हणून कापलेले नाही. तिची भाषा पहिल्यापासूनच राक्षसिणीची आहे. तुझ्या या बायकोला खाऊन टाकीन असे ती सुरुवातीलाच म्हणते, आणि शेवटी खरोखरीच सीतेवर धावून जाते. तेव्हा लक्ष्मण तिचे नाक आणि कान कापतो. म्हणजे भाचीपुढे मी सुटलो! पण पुस्तक मिटण्यापूर्वी मी मधला भाग पुन्हा वाचला, आणि तिथे अडकलो.

विचारणे आणि धावून जाणे यांच्यामध्ये एक थट्टा आहे. माझे लग्न झाले आहे, असे राम तिला सांगतो; पण तेवढ्यावर न थांबता, हा माझा भाऊ एकटा आहे, त्याला विचार, म्हणून तिला लक्ष्मणाकडे पाठवतो. लक्ष्मण म्हणतो, मी तर दास. दासाची बायको होऊन काय करशील? तू थोरल्याचीच हो, तो त्या म्हाताऱ्या, कुरूप बायकोला टाकून तुझ्याकडे येईल. तिला बिचारीला थट्टा कळत नाही, असे वाल्मीकीच सांगतो. ती ते खरे मानते आणि सीतेवर झेपावते.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वाल्मीकीची शूर्पणखा येते ती स्वतःच्या मूळ, ओबडधोबड रूपात. तो सुमुख, ही दुर्मुख. तो तरुण, ही थोराड. अशी तुलना कवी करीत जातो. पुढे तमिळमध्ये कंबनाने आणि अवधीत तुलसीदासांनी तिला सुंदर रूप घेऊन आणले. जशी आहे तशी येऊन मनातले बोलून दाखवणारी बाई पुढच्या कवींनाही फारशी झेपली नसावी.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण वाल्मीकी नव्हता.

आमच्या लग्नाला दोन वर्षे झाली असतील. जुन्या नाशकातले दोन खोल्यांचे बिऱ्हाड. बाहेरच्या खोलीत आई झोपायची. आषाढातली रात्र होती. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. कदाचित त्या आवाजाच्या आधारानेच असेल, माझ्या पत्नीने माझा हात हातात घेतला, आणि एरवी जे नवऱ्याने सुचवायचे व बायकोने खाली मान घालून समजून घ्यायचे, ते तिने स्वतःहून, साध्या शब्दांत विचारले.

मी हसलो. आणि म्हणालो, "हे कुठून शिकलीस?"

थट्टाच होती ती. त्यात राग नव्हता, संशय तर मुळीच नव्हता. उलट मला आनंदच झाला होता. पण झालेला आनंद दाखवायचा कसा हे मला कोणी शिकवले नव्हते, आणि थट्टा करणे मात्र शिकावे लागत नाही. तिने हात काढून घेतला. पाऊस वाजत राहिला. त्यानंतर इतक्या वर्षांत तिने स्वतःहून कधीही काही विचारले नाही.

आमचा संसार चांगला चालला आहे. नातेवाईक आमचे उदाहरण देतात. "वहिनी म्हणजे नाकासमोर चालणारी बाई!" असे कोणी म्हटले की मला अभिमान वाटत असे. आता ते शब्द कानावर पडले की ती रात्र आठवते. आपल्याकडे बाईने सर्वांना आवडावे यासाठी एक अट असते. तिला स्वतःला काही हवेसे वाटू नये. निदान तसे तिने म्हणू नये. मी स्वतः तरी वेगळा कुठे आहे? मीही सर्वांना आवडणारा मनुष्य आहे. कॉलेजात माझे कोणाशी वाकडे नाही, कारण कोणाला अडचण होईल असे मी कधी बोलतच नाही. वर्गात ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आल्या, की मी मुलामुलींच्या डोळ्यांत न पाहता सांगून टाकतो, "इथे जीवाशिवाच्या मीलनाची ओढ सूचित आहे." ते खोटे नाही. पण ती ओढ संतांना ज्या भाषेत सांगावीशी वाटली, ती भाषा देहाची आहे, हे सांगायचे मी टाळतो. आणि गाथासप्तशती? हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा सातशे गाथांचा संग्रह, भाषा महाराष्ट्री प्राकृत. १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी तो मराठी वाचकांपुढे ठेवला. त्यातल्या साध्या खेडवळ स्त्रिया याच गोदावरीच्या काठावर आपल्या मनातले आणि देहातलेही मोकळेपणाने बोलतात. नाक कोणाचेच कापले जात नाही. मी तो ग्रंथ 'ऐतिहासिक महत्त्व' या मथळ्याखाली पाच मिनिटांत उरकतो.

माझी श्रद्धा आहे, हे सांगितले पाहिजे. चैत्र शुद्ध एकादशीला रामाचा रथ निघतो, तेव्हा माझे हात आपोआप जोडले जातात. शूर्पणखेची कथा अशी वाचल्यावर काळारामाच्या पायऱ्या चढताना अवघडल्यासारखे होईल, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. कारण त्याच सर्गात, ती धावून आल्यावर, राम लक्ष्मणाला म्हणतो, की असल्या क्रूर माणसांशी थट्टा करायला नको होती. दोष तो तिलाच देतो, हे खरे. तरी थट्टा चुकली, एवढे तो कबूल करतो. मला ते कबूल करायला किती वर्षे लागली!

त्या पायऱ्यांशी उभे राहिले की आणखी एक गोष्ट मनात येते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे याच देवळाशी आली. त्यांनी मागितले होते फक्त दर्शन. सुमारे पाच वर्षे तो सत्याग्रह चालला. त्यांच्यासाठी दार उघडले नाही. आणि तेच आंबेडकर १९३४ साली मुंबईच्या कोर्टात एका अगदी निराळ्या माणसासाठी उभे राहिले. तो माणूस म्हणजे र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ साली मरण येईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत होते. स्त्रीपुरुष संबंधांविषयी वाचक पत्रांतून प्रश्न विचारीत, आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला झाला. लोक विचारतात तर त्यांना उत्तर द्यायला नको का, असा आंबेडकरांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मला राहून राहून वाटते ते पत्रे लिहिणाऱ्यांविषयी. घरात, शेजारच्या उशीवर जे विचारता आले नाही, ते त्यांनी पोस्टाने एका अनोळखी माणसाला विचारले होते. कारण तो हसणार नाही, एवढी त्यांना खात्री होती.

बहीण आणि भाची परत गेल्या, त्या रात्री मी पत्नीला म्हटले, "तुला आठवतं, आपण जुन्या घरी असताना... एकदा खूप पाऊस होता..."

"नाशकात पाऊस दर वर्षीच असतो," ती म्हणाली. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत होती.

"मी तेव्हा हसलो होतो."

घडी घालणारे हात थांबले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही विसरलात."

"तू?"

"मी कशी विसरेन? दुसऱ्या दिवशी सासूबाईंसमोर जायची लाज वाटत होती. त्यांनी काही ऐकलंही नव्हतं. तरी."

इतक्या वर्षांच्या व्याख्यानबाजीनंतर माझ्याजवळ त्या वेळी एकही चांगले वाक्य नव्हते. "माझं चुकलं," एवढेच म्हणालो. आणि मग, जे त्या रात्री तिने मला विचारले होते, ते मी तिला विचारले; सूचित न करता, साध्या शब्दांत. आवाज थोडा कापला असावा. विचारणाऱ्याचा जीव कसा मुठीत असतो, ते मला तेव्हा कळले.

तिने माझ्याकडे पाहिले. हातातला टॉवेल खाली ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली,

"हे कुठून शिकलात?"

क्षणभर माझा चेहरा उतरला असणार. कारण ती एकदम हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग मीही.

"भाचीकडून," मी म्हणालो.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी तो तिला वाचून दाखवला. दोन ठिकाणी तिने खाडाखोड करायला लावली, ती मी केली. यापुढचे लिहिण्याचे कारण नाही. दिवाळी अंक घरातली सगळीच माणसे वाचतात. आणि भाचीलाही अलीकडे वाचनाची गोडी लागली आहे.