संवेदनशील मुलाबरोबर शहरात

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. एकजण कनिष्ठ महाविद्यालयात, दुसरा पदवीच्या वर्गांना. त्यामुळे 'संवेदनशील' हा शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जातो. कवीची संवेदनशीलता, कथालेखिकेची तरल संवेदनशीलता, नवकाव्याबरोबर बदललेली संवेदनशीलता. उत्तरपत्रिकेत हा शब्द दिसला की अर्धा गुण आपोआप पडतो. आम्ही तो नेहमी गौरवार्थीच वापरला. ज्याला इतरांपेक्षा अधिक जाणवते तो मोठा, असे वर्गात सांगत आलो. आणि आमच्याच घरात इतरांपेक्षा अधिक जाणवणारे एक मूल वाढत होते, त्याला मात्र पाच वर्षे 'हट्टी' म्हणत होतो.

हे कबूल करायचे तर आधी तो प्रसंग सांगायला हवा. मुलगा पाच वर्षांचा होता. कोकणातून आजी-आजोबा आले होते आणि त्यांना रविवारी संध्याकाळी नवी मुंबईतला एक मॉल दाखवायला आम्ही नेले. मुलगा सरकत्या जिन्यापाशीच अडला होता; त्याला उचलून वर नेले. वरच्या मजल्यावर खाण्याची दुकाने. तीन दुकानांतून तीन गाणी, खुर्च्या ओढल्याचे आवाज, तळणाचा वास, डोक्यावर पांढरे दिवे. स्वच्छतागृहात हात वाळवण्याचे यंत्र एकाएकी घुरघुरले आणि त्याने अंग जमिनीवर टाकले. दोन्ही कान दाबून तो असा किंचाळू लागला की बाहेरच्या टेबलांवरचे बोलणे थांबले. एक वयस्कर गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "अहो, दोन ठेवून द्या, लगेच गप्प बसेल."

आम्ही त्यांचे ऐकले. आमच्यापैकी कोणाचा हात उठला हे महत्त्वाचे नाही. दुसऱ्याने तो धरला नाही. मुलगा गप्प बसला नाही. रात्री तो झोपल्यावर आजी म्हणाली, "माझा धाकटा भाऊ अगदी असाच होता गो. देवळात नगारा वाजायला लागला की पळत सुटायचा तो थेट शेतात. सगळे त्याला भित्रा म्हणायचे."

सोमवारी नव्या जाणिवेवर तास होता. 'संवेदनशील' हा शब्द उच्चारताना त्या दिवशी जीभ अडखळली, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले नसावे.

पुढे काही महिन्यांनी एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी आम्हांला समोर बसवून जे सांगितले, ते आम्हांला तरी नवे होते. ज्ञानेंद्रिये पाच, हे आपण शाळेत शिकतो. पण तोल सांभाळणारी कानाच्या आतली यंत्रणा, स्नायू-सांध्यांतून येणारी स्वतःच्या शरीराची जाण आणि भूक, तहान, लघवी, धडधड यांची आतली खबर, ही आणखी तीन दारे आहेत. या सगळ्या दारांतून येणाऱ्या खबरी मेंदू निवडतो, काही मागे ढकलतो, काहींची एकमेकींशी सांगड घालतो. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने या जुळणीविषयीचे आपले विवेचन १९७२ साली ग्रंथरूपाने मांडले. काही मुलांत ही निवड वेगळ्या रीतीने होते. आपल्याला पंख्याचा आवाज दोन मिनिटांनी ऐकू येईनासा होतो. त्यांना तो येतच राहतो. सदऱ्याच्या मानेवरची चिठ्ठी आपण विसरतो. त्यांना ती दिवसभर टोचते. उलट काही संवेदना त्यांना पुरतच नाहीत, म्हणून ती झोक्यावरून उतरत नाहीत, गाद्यांवर उड्या मारतात, घट्ट मिठी मागतात. एकाच मुलात दोन्ही गोष्टी असू शकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१३ साली, संवेदनांविषयीचे हे वेगळेपण स्वमग्नतेच्या लक्षणांत नोंदले गेले. स्वतंत्र आजार म्हणून त्याला त्या पुस्तिकेत स्थान नाही. असे प्रत्येक मूल स्वमग्न असतेच असेही नाही. आमच्या मुलाच्या कागदावर काय लिहिले आहे ते इथे सांगत नाही. तो मोठा झाल्यावर सांगायचे की नाही हे तो ठरवील.

बाईंनी शेवटी विचारले, "तुम्ही त्याला बाहेर नेता का?" आम्ही म्हटले, "नेत होतो. आता नाही नेत." त्या म्हणाल्या, "न्या. पण तुमच्यासाठी नको, त्याच्यासाठी न्या." यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. तोवरच्या आमच्या सगळ्या सहली खरोखर आमच्यासाठीच होत्या. आपले कुटुंब चारचौघांसारखे आहे हे चारचौघांना दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि त्याचे ओझे पाच वर्षांच्या मुलाने वाहायचे होते.

मग आम्ही शहर नव्याने वाचायला घेतले. नवी मुंबई हे आखून बांधलेले शहर. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांच्या जमिनींवर एकेक उपनगर उभे राहिले. आम्ही इथे वीस वर्षे राहतो, पण आवाजाचा नकाशा काढावा असे कधी सुचले नव्हते. वाशी-बेलापूरची प्रशस्त रेल्वे स्थानके आम्हांला अभिमानास्पद वाटत. तिथे उद्घोषणा कशी घुमते हे त्याच्या कानांनी ऐकल्यावर कळले. नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत; रविवारी तिथे आठवे आश्चर्य गर्दीचे. आडवारी गेलो तर तेच उद्यान त्याचे होते. सानपाड्याला सेन्स गार्डन नावाचे उद्यान आहे हे आम्हांला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. दुपारी तिचा डबा पुष्कळ मोकळा असतो. दार बंद होताना वाजणारी खूण त्याला आधी मोबाइलवर ऐकवली, चार दिवस ऐकवली, मग प्रत्यक्ष नेले. तो खिडकीशी बसला. अकरा स्थानके आहेत. त्याने अकराही मोजली आणि परतताना उलटी मोजली.

एक कोडे मात्र आम्हांला बराच काळ सुटले नाही. कुकरच्या शिट्टीला घाबरणारा हा मुलगा लोकल वाशीच्या खाडीपुलावर आली की खुलायचा. आवाज तर कितीतरी मोठा. मग लक्षात आले की पुलाचा आवाज ठेक्यात येतो, पुढचा ठोका कधी पडणार हे कळते. शिट्टी केव्हा होईल ते कळत नाही. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'मधला संवेदनांच्या लयीचा विचार आम्ही किती वर्षे शिकवला! संवाद, विरोध, समतोल ही तत्त्वे आमचे विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात. खरे सांगायचे तर आम्हीही फार निराळे काही केले नव्हते. लय ही कलाकृतीत शोधायची गोष्ट, अशी आमची समजूत. एखाद्या जिवाला उभे राहायलाच लय लागते, ती तुटली की तो जमिनीवर पडतो, हे आम्हांला खाडीपुलावर समजले.

त्यातूनच घंटांची कल्पना निघाली. एका कामातून दुसऱ्यात जाताना या मुलांना पूर्वसूचना लागते, असे बाईंनी सांगितले होते. आपल्या मराठी नाटकाला ती परंपरेनेच ठाऊक आहे: पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा, मग अंधार. घरून निघायच्या आधी आम्ही तोंडानेच घंटा देऊ लागलो. पहिलीला चप्पल शोधायची, दुसरीला पाणी प्यायचे, तिसरीला दार उघडायचे. आदल्या रात्री जायच्या जागेची छायाचित्रे दाखवायची. पिशवीत कानांवर लावायचे जाड हेडफोन, ओळखीचा खाऊ, एक जुना मऊ पंचा. पोचल्याबरोबर आधी बाहेर पडायची वाट पाहून ठेवायची. आजीच्या भावाला पळायला शेत होते. मॉलमध्ये असा दरवाजा आग लागल्यावरच उघडतो.

पाम बीच रस्त्याच्या बाजूला नेरूळचा धारण तलाव आहे. त्याच्याभोवतीच्या फिरण्याच्या जागेला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' असे भारदस्त नाव आहे. तिथे आम्ही पहाटे जातो. या तलावांची रचना आम्हांला मुलामुळेच समजून घ्यावी लागली, कारण तो पाण्याची वाट पाहत उभा राहतो. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. भरतीला झडपा मिटतात, समुद्र आत येत नाही. त्या वेळी पाऊस पडला तर शहराचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत जाते. तलाव गाळाने भरला किंवा झडप बिघडली की पाणी रस्त्यावर येते. त्याला कोणी शहराचा हट्ट म्हणत नाही.

हिवाळ्यापासून उन्हाळा सरेपर्यंत आम्ही फ्लेमिंगो पाहायला जातो. ठाणे खाडीतल्या त्यांच्या अभयारण्याला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. पण आम्हांला सोयीचा आहे तो सीवूड्सजवळचा डीपीएस तलाव. वाढदिवसाच्या समारंभात दहा मिनिटे न टिकणारा मुलगा इथे चाळीस मिनिटे काठावर उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे. हजारो पक्षी, पण गोंगाट नाही. खालच्या सुरातली एक सतत कुजबुज. तो पक्षी मोजत नाही, पाय मोजतो. एका पायावर उभे असलेले किती, दोन पायांवर किती. २०२४ च्या उन्हाळ्यात या तलावाच्या परिसरात काही फ्लेमिंगो मेलेले सापडले. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याची तक्रार तेव्हा पर्यावरणप्रेमींनी केली होती. पक्ष्यांसाठी लोक आवाज उठवतात ते योग्यच आहे. या काठाला आमच्यासारख्यांचेही काही देणे लागते, म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

कायद्याचेही थोडे बोलायला हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता यायला हव्यात, हेही त्यात आले. पण सुगम्यता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उतार येतो. चाकाच्या खुर्चीला उतार लागतो हे निदान पटू लागले आहे. कानालाही उतार लागतो हे अजून कोणाच्या गावी नाही. अमेरिकेतल्या एएमसी चित्रपटगृहांनी २००७ पासून असे खेळ सुरू केले की ज्यात दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात आणि मूल उठून फिरले तर कोणी मागे वळून पाहत नाही. यात खर्चाचे असे काय आहे? वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एखाद्या बालनाट्याचा असा एक प्रयोग व्हावा, आठवड्यातून एक तास एखाद्या मॉलने गाणी बंद ठेवावीत, एवढेच आमचे मागणे आहे. त्या तासाला केवळ आमचीच मुले येतील असे नाही, आजी-आजोबाही येतील. मॉलमधून परतल्यावर आजोबा दोन दिवस डोके धरून बसले होते. त्यांच्या वयामुळे ते आम्हांला स्वाभाविक वाटले आणि नातवाचे वाटले नाही.

आता कोणी म्हणेल, जग काही मुलासाठी आवाज कमी करणार नाही, त्याला सवयच लावायला हवी. सवय लागते, हे आम्ही पाहिले आहे. पण मेट्रोची सवय चार दिवस मोबाइलवर ऐकून लागली. सरकत्या जिन्याची सवय लावायला आम्ही त्याला उचलून नेले होते; तो अजूनही सरकता जिना चढत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही त्याला खारघरच्या सेंट्रल पार्कला नेले. छायाचित्रे दाखवली होती, घंटा झाल्या होत्या. मोठा बेत होता. डबा, सतरंजी, सगळे बरोबर. आत जाऊन थोडे चाललो, एका झाडाखाली सतरंजी पसरली. जवळच एक मोठा गट आला आणि कोणीतरी स्पीकर लावला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत होतो, आता काय, या विचारात. मुलाने पिशवीतून हेडफोन काढून कानांवर ठेवले. थोडा वेळ बसला. मग उठून आमच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पुरे."

तो ओरडला नाही, जमिनीवर पडला नाही. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याने भरती येण्याआधी सांगितले होते. आम्ही लगेच सतरंजी घडी केली. घड्याळ पाहिले तर आत येऊन सतरा मिनिटे झाली होती. डबा घरी येऊन गॅलरीत खाल्ला. त्या दिवशीचा सगळ्यांत चांगला शब्द तोच होता, आणि तो वेळेवर ऐकता आला याचे आम्हांला आजही बरे वाटते.