दंडावरचा वण

आपल्या वाङ्मयात माणसाच्या शरीराची मोठी गमतीदार वाटणी झालेली आहे. हृदय कवींच्या वाट्याला आले, डोळे प्रेमिकांच्या, काळीज आईच्या आणि पोट गरिबाच्या. कथा-कादंबऱ्यांतला नायक क्षयाने खंगतो, हृदयविकाराने कोसळतो. पण लघवीच्या तक्रारीने आजारी पडलेला नायक निदान माझ्या तरी वाचनात आलेला नाही. मूत्राशय हा अवयव शाळेच्या पुस्तकातील आकृतीत एकदा भेटतो, त्याला बाण काढून नाव दिले की गुण मिळतात आणि पुढे जन्मभर त्याची आठवण कोणी काढत नाही.

घरातही निराळे नसते. आमच्याकडे पुरुषांच्या गुडघेदुखीची, रक्तदाबाची, साखरेची चर्चा चहाबरोबर चालते. कमरेखालचे दुखणे मात्र माजघरापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. लघवीला जळजळ झाली तर ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी प्यायचे, रात्री चार वेळा उठावे लागले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून द्यायचे! ज्या दुखण्याला बोलण्यात जागा नाही ते मुकाट्याने वाढत राहते, हे मला कळले ते माझ्या थोरल्या काकांमुळे. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो.

आप्पांची हयात एस. टी.ची गाडी चालविण्यात गेली. खिशात विडीचे बंडल कायमचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लघवीतून रक्त गेले. एकदा गेले, थांबले. महिन्याने पुन्हा गेले, थांबले. दुखत काहीच नव्हते. आणि दुखत नाही त्या अर्थी काही नाही, असा त्यांचा हिशेब. शेवटी धुण्याच्या कपड्यांत काकूंना डाग दिसला आणि घरात प्रथमच त्या विषयावर मोठ्याने बोलणे झाले. डॉक्टरांनी सांगितले ते आप्पांच्या हिशेबाच्या नेमके उलट होते. न दुखता लघवीतून येणारे रक्त, एकदाच आले तरी, तपासून घ्यावेच लागते. दुर्बिणीतून पाहिल्यावर मूत्राशयात गाठ निघाली. कर्करोगाची.

विडीचा आणि मूत्राशयाचा काय संबंध, असे आप्पांनी विचारले. प्रश्न रास्त होता. धूर जातो छातीत! पण धुरातील विषारी द्रव्ये रक्तात उतरतात, मूत्रपिंडे ती गाळून काढतात आणि मग ती तासन्‌तास मूत्राशयात साचून राहतात. लुडविग रेन नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८९५ सालीच रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग दाखवून दिला होता. तेथे विष रंगाचे होते, येथे तंबाखूचे. आजही या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूच आहे आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो तिपटी-चौपटीने आढळतो.

गाठ दुर्बिणीतूनच खरवडून काढली. सुदैवाने ती मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत गेलेली नव्हती. पण ही गाठ पुन्हा पुन्हा उगवणारी असते. म्हणून डॉक्टरांनी पुढचा उपचार सांगितला. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, नळीतून मूत्राशयात बीसीजी सोडायचे. बीसीजी म्हणजे लहानपणी दंडावर टोचतात तीच क्षयाची लस. त्यात जंतू असतात, तेही जिवंत, हे ऐकल्याबरोबर आप्पा उठून उभे राहिले. “क्षयाचे जंतू माझ्या पोटात सोडणार? मी काय प्रयोगाचा उंदीर आहे?” घरी आल्यावर दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. संमतिपत्र ट्रंकेवर तसेच पडून होते.

ते कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. कला शाखेचा विद्यार्थी घरात काय कामाचा, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांत आप्पा अग्रभागी होते. पण कागदावरचे मराठी असे होते, की डॉक्टरांनाही दुभाषा लागावा! मी ते वाचले, शब्द सोडवले, ग्रंथालयात बसून मागची हकिकत शोधली आणि रोज संध्याकाळी थोडी थोडी आप्पांना सांगितली.

ही हकिकत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समधील लील शहरात काल्मेत आणि गेराँ या दोघांनी १९०८ साली गाईच्या क्षयाचा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी नव्या बटाट्यावर, असे तेरा वर्षांत सुमारे २३० वेळा. १९२१ पर्यंत जंतू जिवंत राहिला, पण त्याची दुष्टबुद्धी गेली. बीसीजी या नावातील ‘सी’ आणि ‘जी’ म्हणजे हे दोघे. पुढे १९२९ साली अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून लिहिले, की क्षय झालेल्यांत कर्करोग कमी दिसतो. त्यांच्या पद्धतीत दोष निघाले, पण कल्पना मागे राहिली. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की बीसीजी दिलेल्या उंदरांत गाठी सहजी रुजत नाहीत. आणि १९७६ साली कॅनडातील किंग्स्टन येथील डॉ. अल्वारो मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या अवघ्या नऊ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, त्यांच्यावर शरीराचे सैन्य धावून येते आणि त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही कापल्या जातात.

“सहाच आठवडे का?” आप्पांनी विचारले. याचे उत्तर मला फार आवडले. मोरालेस यांना मिळणारी लस सहा कुप्यांच्या खोक्यात येत असे, म्हणून सहा! आप्पा कितीतरी दिवसांनी हसले. “म्हणजे डझनाचं खोकं असतं तर बारा वेळा?”

पण त्यांचा खरा प्रश्न पुढेच होता. नऊ माणसांवरून जगाने विश्वास कसा ठेवला? नाहीच ठेवला, असे मी सांगितले. पुढे अमेरिकेत डोनाल्ड लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर बीसीजी, दुसऱ्याला नुसती शस्त्रक्रिया. हे १९८० साली प्रसिद्ध झाले. कोणी कोणत्या गटात जायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. शास्त्रीय मराठीत याला ‘यादृच्छिक’ म्हणतात. आपल्या मराठीत चिठ्ठ्या टाकणे.

“चिठ्ठी टाकली? म्हणजे डॉक्टरला ठाऊक नव्हतं?”

“नव्हतं. आणि आपल्याला ठाऊक नाही हे त्यांनी कबूल केलं, म्हणून आज ठाऊक आहे.”

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ज्यांच्या वाट्याला नुसती चिठ्ठी आली, औषध नाही, त्यांचं काय झालं असेल रे?” मजजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

सहा आठवडे मी त्यांच्याबरोबर गेलो. औषध आत सोडल्यावर दोन तास लघवी धरून ठेवायची, मधून मधून कूस बदलायची, नंतर सहा तास दर वेळी संडासात जंतुनाशक ओतायचे. रात्री ताप, जळजळ. आयुष्यभर कोणापुढे न उच्चारलेले शब्द आप्पा परिचारिकेशी सरळ बोलू लागले. वॉर्डातील इतर म्हाताऱ्यांनाही ते बोलते करू लागले.

आणखी एक गंमत या लसीच्या नशिबी आहे. तमिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या प्रचंड मोठ्या चाचणीत असे दिसले, की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती आवर घालू शकत नाही. तान्ह्या मुलांना मेंदूज्वरासारख्या घातक क्षयापासून ती वाचवते, म्हणून आजही टोचतात. ज्या कामासाठी निर्माण केली त्यात अर्धे यश, आणि ज्याचा विचारही नव्हता तेथे ती आजवर उपयोगी पडते आहे. चाचणी घेतल्याशिवाय यातले काहीच कळले नसते. आम्ही साहित्याचे विद्यार्थी सत्याबद्दल पुष्कळ बोलतो. पण स्वतःच्या आवडत्या कल्पनेला चिठ्ठीच्या हवाली करण्याचे धैर्य आमच्यात किती आहे?

आप्पांच्या पाच तपासण्या निर्दोष निघाल्या. सहावी पुढच्या महिन्यात आहे. रोग परतणारच नाही असे कोणी सांगत नाही, आणि ते विचारतही नाहीत. विडी सुटली आहे, चहा वाढला आहे.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीचा तो लहानसा वण आहे. ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत अशा रुग्णांनी चिठ्ठी उचलली, म्हणून त्या लसीचा दुसरा गुण जगाला समजला. त्यांचे ऋण फेडण्याचा मोठा मार्ग मला ठाऊक नाही. एक लहान मार्ग ठाऊक आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा वडिलांना, काकांना, आजोबांना सरळ विचारा, “लघवीचा काही त्रास नाही ना? कधी रक्त दिसलं का?” ते रागावतील, विषय बदलतील. पुन्हा विचारा.