इंजिन नंबर सगळे बघतात, वायरिंग कोण बघतं?

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचा विषय निघाला की सगळी चर्चा इंजिनाचीच. कुठून आणलं, केवढ्याला पडलं, पिकअप कसा आहे. वायरिंग कुणी केलं, कसं केलं, हे कुणी विचारत नाही. आरटीओत इंजिन नंबर बघतात, पोलीस कागद बघतात, गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिन बघतं. वायरिंग टेपखाली झाकलेलं असतं, त्यामुळे ते कुणालाच दिसत नाही. आणि माणसाच्या जिवाशी खेळ होतो तो तिथेच.

उदाहरण आपल्या ओळखीच्या गाडीचं घेऊ, जिप्सीचं. १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसी होती. १९९६ ला १.३ लिटरची जिप्सी किंग आली, कार्बोरेटरवाली. पुढे त्याच १२९८ सीसीत एमपीएफआय आलं. आता नवी जिप्सी बनत नाही, पण आपल्याकडे लिलावातल्या, हातोहात फिरलेल्या जिप्सी अजून शेतात, घाटात, चिखलात पळतायत. कार्बोरेटरवाल्याला वाटतं, एमपीएफआय टाकावं. ॲव्हरेज सुधारेल, सकाळी चोक ओढत बसायला नको. वाटणं चुकीचं नाही.

गेल्या महिन्यात असं एक काम मी जवळून पाहिलं. बातमीसाठी गेलो होतो दुसऱ्याच, पण तीन दिवस संध्याकाळी त्या वायरमनच्या टपरीवर जाऊन बसलो. नाव देत नाही, कारण पुढे कळेलच. पन्नाशीचा माणूस, शिक्षण जेमतेम, पण त्याची वही बघितली आणि थक्क झालो. कुठल्या गाडीत कुठल्या पिनला कुठल्या रंगाची वायर, पानंच्या पानं भरलेली.

त्याचा पहिला नियम: वायरिंग कापून आणलेलं इंजिन घ्यायचं नाही. भंगारवाले घाईत वायरी कटरने छाटतात. इंजिन, त्याचं अख्खं वायरिंग आणि ईसीएम एकाच गाडीतलं पाहिजे. ती गाडी इममोबिलायझरवाली असेल तर चावीचा संचही पाहिजे, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर इंजिन सुरूच होत नाही.

मग त्याने हार्नेस जमिनीवर पोत्यावर पसरला आणि प्रत्येक कपलरला कागदी टेपची चिठ्ठी लावली. चार इंजेक्टर, थ्रॉटलचा सेन्सर, मॅप सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा, ऑक्सिजनचा. लाइट, हॉर्न, वायपरच्या वायरी वेगळ्या काढून बाजूला. ते जुन्या गाडीचं जुन्या गाडीलाच ठेवायचं. म्हणाला, "साहेब, दोन वायरिंगांची गाठ आठ-दहा ठिकाणीच पडते. बॅटरीचा थेट करंट, चावीचा करंट, स्टार्टर, चार्जिंगचा दिवा, ऑइलचा दिवा, टेंपरेचरचा काटा, पेट्रोल पंप, चेक इंजिनचा दिवा, अर्थिंग. एवढं नीट जुळवा. बाकीच्याला हात लावायचं काम नाही."

ऐकायला सोपं. पण यातल्या प्रत्येक जागी एक खड्डा आहे.

चावीचा करंट घ्या. डॅशबोर्डखाली चावी फिरवल्यावर करंट येणाऱ्या वायरी बऱ्याच सापडतात. पण त्यातल्या काही, रेडिओच्या वगैरे, स्टार्टर मारताना बंद होतात. ईसीएमला अशी वायर दिली की सेल्फ फिरतो आणि इंजिन काही उचलत नाही. मग पंप बदला, प्लग बदला, गिऱ्हाईकाचे हजारो रुपये जातात. टेस्ट लॅम्प लावून, सेल्फ मारून, दिवा टिकतो का बघायचं, एवढीच गोष्ट असते.

टेंपरेचरचं तसंच. काट्याचा सेंडर वेगळा, ईसीएमचा सेन्सर वेगळा. एका सेन्सरवर दोन्ही जोडले तर दोन्ही खोटं बोलतात. अर्थिंगचंही तेच. रंग आणि गंज खरवडून, थिंबल दाबून, घट्ट बोल्टाखाली दिलं नाही तर गाडी आज चालते, पावसाळ्यात रडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोल पंप. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनावरचा साधा पंप असतो, प्रेशर नावाला. एमपीएफआयला विजेवरचा पंप लागतो, प्रेशर साधारण तीन बार. म्हणजे जुना रबरी पाइप आणि जुने क्लिप चालत नाहीत. हा पंप रिलेतून चालतो आणि रिले ईसीएमच्या हातात असतो. इंजिन फिरायचं थांबलं की ईसीएम पंप बंद करतो. कारण साधं आहे. अपघात झाला, इंजिन बंद पडलं, पाइप फुटला, तर पेट्रोल बाहेर पडत राहू नये.

पण हे जुळवायला वेळ लागतो. म्हणून शॉर्टकट काय? पंपाची वायर थेट चावीवर. गाडी मस्त चालते, फरक कळत नाही. फरक कळतो तो गाडी उलटल्यावर. चावी चालू, इंजिन बंद, आणि पंप गरम सायलेन्सरवर पेट्रोल ओततोय. तसाच दुसरा शॉर्टकट, चेक इंजिनचा दिवा सतत लागतो म्हणून बल्बच काढून टाकायचा.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं. वेगळ्या प्रकारचं नाही.

कायदा मोडा असं मी म्हणत नाही. उलट, ज्यांनी असं काही केलंय त्यांनी विम्याचा विचार करावा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो.

पण मला खटकतं ते वेगळं. काम होतंच आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. फक्त ते बिलावर येत नाही. बिलावर लिहिलं जातं "वायरिंग दुरुस्ती". म्हणजे ज्याने तीन दिवस बसून पंपाचा रिले नीट लावला त्याचं बिल, आणि ज्याने तासाभरात वायर थेट चावीला पिळून टेप गुंडाळली त्याचं बिल, कागदावर सारखंच. चांगल्याला नाव नाही, वाईटाला जबाब नाही.

सीएनजीचं बघा. तिथेही गाडीचं इंधन बदलतं, वायरिंगला हात लागतो. पण तिथे रस्ता ठेवलाय: मंजूर किट, अधिकृत फिटर, आरसीवर नोंद. जुन्या गाडीत इलेक्ट्रिक किट बसवायलाही मंजुरीची पद्धत आहे. मग त्याच कंपनीचं, त्याच सीसीचं, कमी धूर सोडणारं इंजिन तपासणी करून बसवायला असा रस्ता का नसावा?

तो दिल्लीचा प्रश्न झाला. आपल्या हातातलंही आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की ती पुन्हा नोंदणीसाठी आरटीओत जाते, शुल्क भरते, पर्यावरण कर भरते. त्या वेळी चेसिस नंबर खरवडून बघताच, तर बॅटरीची केबल, फ्यूज, अर्थिंग आणि पेट्रोल पाइपही बघा की. दहा मिनिटांचं काम आहे. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये आपल्या वायरमन लोकांसाठी सुट्टीच्या दिवशी छोटा वर्ग सुरू करा. शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज नाही, वहीवाले मास्तर गावातच आहेत. फक्त त्यांना भीती न वाटता बोलता आलं पाहिजे.

तोवर एक करा. तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या गाडीत एमपीएफआय इंजिन नंतर बसवलेलं असेल, तर वायरमनकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद पडलं की पंप बंद होतो का? "चावी बंद केली की होतो," असं उत्तर आलं तर त्याच दिवशी काम करून घ्या. पैसे फार लागत नाहीत, एक रिले आणि अर्धा दिवस.