डिस्क दिसत नाही, तेव्हा

एक्सटर्नल हार्ड डिस्क जोडली आणि कॉम्प्युटरवर काहीच उमटलं नाही, की बहुतेक जण ‘डिस्क गेली’ म्हणून मोकळे होतात. मला ही घाई वाटते. डिस्क आणि स्क्रीन यांच्यामध्ये केबल, पोर्ट, वीज, केसिंगमधला छोटा बोर्ड आणि फाइल सिस्टिम एवढे टप्पे असतात. यांतला कुठलाही एक बिघडला तरी आपल्याला दिसतं ते एकच : डिस्क नाही. म्हणून ती दुरुस्त कशी करायची याआधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे शोधायला हवं, आणि तो शोध पुरा होईपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं जाता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात विजेपासून करावी. २.५ इंची डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. डिस्क फिरायला लागताना मोटरला त्याहून जास्त लागू शकते. त्यामुळे अडॅप्टर नसलेल्या हबवर मेलेली वाटणारी डिस्क आखूड केबलने थेट दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर कधी कधी लगेच सुरू होते. पुढचा टप्पा विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट. तिथे डिस्क पूर्ण क्षमतेसह दिसली, विभाग शाबूत असला आणि फक्त ड्राइव्हचं अक्षर नसलं, तर अक्षर दिलं की काम झालं. ‘रॉ’ दिसलं किंवा फॉरमॅट करू का असं विचारलं, तर नकार द्यावा. आणि आतून ठरावीक अंतराने टक-टक ऐकू आलं तर तपास तिथेच थांबवून डिस्क काढून घ्यावी. डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. ते टेकत असेल तर प्रत्येक फेरीत डेटा खरवडला जातो. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नये, आत दव धरतं.

यावर कुणी म्हणेल, चेक डिस्क चालवली की बऱ्याचदा होतं की ठीक. होतं, पण डिस्क धडधाकट असेल तर. चेक डिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाइल वाचवणं नव्हे. त्यासाठी ती नोंदी बदलते. मोडकळीला आलेल्या डिस्कची आधी सेक्टरनिहाय प्रत काढावी आणि प्रयोग त्या प्रतीवर करावेत. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू याच कामाचं : ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि हट्टी सेक्टर शेवटी ठेवतं. दुसरा आक्षेप, केसिंग फोडून आतली डिस्क थेट साटा केबलने का जोडू नये? बोर्डच जळाला असेल तर हा उपाय उत्तम. मात्र काही मॉडेलमध्ये तोच बोर्ड सगळा डेटा सांकेतिक करून लिहितो, तेव्हा सुटी डिस्क नुसता गोंधळ दाखवते. काहींमध्ये साटाची जोडणीच नसते, यूएसबी पोर्ट डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावर असतो. मॉडेलची माहिती काढल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर उचलू नये. राहिला खर्च. डेटा रिकव्हरी महाग असते, हे खरं. सिनेमांसाठी ती करू नये. पण दुसरी प्रत नसलेले घरचे फोटो किंवा प्रबंध असतील, तर घरगुती प्रयोगांनी तिची शक्यता घालवू नये. डिस्क दुकानात द्याल तेव्हा ‘चालू करून द्या’ एवढंच सांगू नका. ‘फॉरमॅट करू नका, आधी डेटा काढा’ असं पावतीवर लिहून घ्या.