ऐकावें, विचारावें, लिहावें

ज्ञान दिल्यानें वाढतें, हें वचन आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु तें द्यावें कसें, हें क्वचितच कोणी शिकवितो. पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञानाच्या संशोधनसंस्थेकडे पाहिलें म्हणजे याचा कांहींसा उलगडा होतो.

डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानें १९८८ सालीं ही संस्था स्थापन झाली. अशा संस्थांतून विद्वानांचीं चर्चासत्रें भरतात. एकानें आपलें संशोधन मांडावें व इतरांनीं तें प्रश्नांच्या कसोटीवर घांसून पाहावें, अशी रीत असते. तेथें प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे. तो वक्त्याचा मानच होय. आयुकेनें हें दार शाळकरी मुलांसाठींहि उघडलें व दुसऱ्या शनिवारीं त्यांच्याकरितां व्याख्यानें ठेवलीं. मुलें स्वाक्षरी मागूं लागलीं म्हणजे नारळीकर सांगत कीं, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर सहीनिशीं येईल.

लेखनाविषयींहि त्यांचें उदाहरण मननीय आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें धाडली. आपल्या कीर्तीचें वजन परीक्षकांवर पडूं नये, हा हेतु. कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. २० मे २०२५ रोजीं ते निवर्तले. परंतु केंब्रिजला शिकलेल्या या गणितज्ञानें मायबोलींत लिहिण्यांत कमीपणा मानला नाहीं, हा धडा मागें राहिला आहे.

लेखणीचा महिमा इंग्लंडांतील मायकेल फॅरडे यानेंहि अनुभविला. हा लोहाराचा मुलगा, पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा. १८१२ सालीं त्यानें हंफ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें ऐकलीं, टिपणें नीट उतरून, बांधून त्यांसच पाठविलीं. पुढल्या वर्षीं त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें काम मिळालें.

आमच्या जळगांव-धुळ्याकडील पुष्कळ मुलें घरीं अहिराणी बोलतात, पुस्तकांत निराळी मराठी वाचतात आणि शास्त्राचे शब्द बहुधा इंग्रजींतून ऐकतात. या तिहींच्या मध्यें प्रश्न घशांतच अडकतो. केळीच्या बागेंत राबणाऱ्या कुटुंबांतील एका विद्यार्थ्यास, मावळतीचें आभाळ तांबडें कां, हें मीं लिहावयास सांगितलें. त्यानें पुस्तकांतील वाक्यें उतरून आणिलीं. मीं म्हटलें, “बाळ, आजीस समजेल असें लिही.” दुसऱ्या दिवशीं त्याच्या वहींत होतें: सूर्य कलला म्हणजे उजेडाला हवेंतून लांबची वाट चालावी लागते, निळा उजेड वाटेंतच विखुरतो, तांबडा आपल्यापर्यंत पोंचतो. खालीं एक ओळ अधिक होती: “आजी विचारते, मग तो निळा जातो कोठें?”

सबंध तास त्या म्हातारीच्या प्रश्नावर चर्चा झाली. पश्चिमेकडे, जेथें अजून दिवस असतो, तेथील आभाळाच्या निळाईंत तोहि मिसळलेला असतो, हें मुलांनींच अखेर शोधून काढलें. सोपें लिहिल्यामुळें आजीस कळलें, आणि तिला कळलें म्हणूनच पुढील प्रश्न निपजला. ज्ञान वाटल्यानें वाढतें तें असें.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाचा प्रश्न “गप्प बैस” म्हणून परतवूं नये; उत्तर ठाऊक नसल्यास दोघांनीं मिळून शोधावें. आणि मुलांनों, रोज एक प्रश्न वहींत लिहा, त्याचें उत्तर घरच्या माणसास त्याच्या बोलींत सांगा. तें त्यास समजलें, तरच तें तुम्हांस समजलें असें माना.