टॉवर गेल्यावरची सोय

१७ सप्टेंबर २०२४
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकून गच्चीवर वीस फुटी जीआय पाइप उभा केला, तीन बाजूंनी ताण दिले. टोकाला अँटेना : मधे उभी पितळी सळई, खाली तिरक्या चार. १४५ मेगाहर्ट्‌झला पाव लहर म्हणजे साधारण ४९ सेंटिमीटर. सळई थोडी लांब कापली आणि अँटेना जुळली का ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरकडे बघत कानशीनं घासत आणली. आप्पा डोकावले. "डिशचा खांब हाय का रं?" "नाही आप्पा, रेडिओचा." "मग गाणी लाव की." आज विसर्जनही. डीजे असताना गाण्यांची काय कमी!

२१ सप्टेंबर
खोलीतली मांडणी झाली. रेडिओ संच साउंड कार्डातून रास्पबेरी पायला जोडला. पायवर डायरवुल्फ नावाचं सॉफ्टवेअर. अक्षरांचे ते १२०० आणि २२०० हर्ट्‌झचे दोन सूर करतं, संच ते हवेत सोडतो, पलीकडे सुरांची पुन्हा अक्षरं होतात. वेग सेकंदाला १२०० बिट. पोरं हसतील, पण याला ना मोबाइलचा टॉवर लागतो ना फायबर. सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर, बॅटरी सोलरवर.
घरच्या वाय-फायला हे मुद्दाम जोडलं नाही. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, पट्ट्यावर सांकेतिक भाषा चालत नाही. जे जाईल ते उघडं, कुणीही ऐकावं. घरच्यांचे बँकेचे व्यवहार त्या वाटेला नकोत.

२६ सप्टेंबर
रोमन लिपीत आमच्या गावाचं नाव 'किल्लारी' लिहिलं तर सात बाइट, देवनागरीत चोवीस. निरोपाच्या एका तुकड्यात, म्हणजे पॅकेटात, बहुधा २५६ बाइटच मावतात. तरी मराठीतच पाठवणार. संकटात घाबरलेला माणूस रोमन लिपी लावत बसणार नाही. निरोप आखूड करायची सवय लावू : गाव, जखमी किती, काय हवं.

३० सप्टेंबर
सकाळी स्मृतिस्तंभावर जाऊन आलो. भूकंपाला ३१ वर्षं झाली. १९९३ सालीही आदल्या दिवशी विसर्जन होतं. दमूनभागून गाव झोपलं आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या जाड भिंती माळवदासकट अंगावर आल्या. नंतर मदतीला आलेल्यांत बाहेरची हॅम मंडळीही होती, संच घेऊन. २००१ला भुजच्या भूकंपात तेच झालं. २००४च्या त्सुनामीत तर भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी आधीच पोर्ट ब्लेअरला होत्या, म्हणून अंदमानचा आवाज लगेच बाहेर पोचला. दर वेळी असा योग कसा येणार? म्हणून संच गावातच हवा.
हॅमचे नियम पुन्हा वाचले. एरवी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निरोप आपण पाठवू शकत नाही. भूकंप, पूर, वादळ यांत मुभा आहे, तीही जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्याच्या निरोपांना. मला हे पटतं. नाहीतर 'पोचलो, काळजी नको' यातच पट्टा भरून जाईल आणि अँब्युलन्सचा निरोप मागे राहील.

५ ऑक्टोबर
दोन्हीकडे अँटेना नऊ-दहा मीटरवर धरली तर हा पट्टा सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर चालतो. लातूर चाळीसच्या पुढं. मधे औसा. तिथल्या एका हॅम सरांनी आपल्या गच्चीवर डिजिपीटर लावलाय. ऐकलेलं पॅकेट तो पुन्हा सोडतो. रात्री त्यांची पॅकेटं खणखणीत यायची, ऊन चढलं की अर्धी गळायची. सोलरचा चार्ज कंट्रोलर खरखर करत होता. सरांनी वायरींवर फेराइटच्या रिंगा चढवायला सांगितल्या. "स्वस्तातला कंट्रोलर घेतलाय तुम्ही, दुसरं काही नाही." आता दुपारीही येतात.

९ ऑक्टोबर
मेन स्विच पाडून, मोबाइल बंद ठेवून लातूरपर्यंत निरोप पाठवला. औशामार्गे पोच आली.
पुतण्या तेरा वर्षांचा. बारा पूर्ण झाली की परवान्याच्या परीक्षेला बसता येतं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. त्याला पुस्तक दिलंय. उमरगा, लोहाऱ्याकडे अजून कुणी नाही. तिकडं कुणाचा परवाना असेल आणि संच माळ्यावर पडला असेल, तर त्यानं तो खाली काढावा.