पट्टी

जनावराला समाधी बांधणारं आमचं गाव. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याने परतीच्या वाटेवर आळ्यात देह ठेवला अशी श्रद्धा आहे. चैत्रात यात्रा भरते, पंचक्रोशी लोटते. आळ्याच्या फाट्यावरच्या बाजारात संकरित गाई विकायला येतात, तेव्हा त्यांचे दात, कास, वेत सगळं पाहून मगच व्यवहार होतो. आमच्या गोठ्यातल्या गाईंच्या कानात बारा आकडी नंबरचे पिवळे बिल्ले आहेत. 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत कुत्र्याला रकाना होता, सशाला होता, हत्तीलासुद्धा होता. मांजराला तेव्हाही नव्हता. त्यामुळे आमच्या मळ्यात जन्म काढलेली पट्टी सरकारदरबारी कधी जन्मलीच नाही.

ती आली एका पावसाळ्यात. अण्णा फाट्याच्या मार्केटात कांदा घालून परतले होते. भाव पडलेला. पिकअपमधून रिकाम्या गोण्या उतरवताना एका गोणीतून चिरका आवाज आला. ओट्यावर बसलेल्या आजीने नेहमीसारखं विचारलं, "काय रं, पट्टी काय आणली?" आडतदाराची हिशोबपट्टी दाखवण्यासारखी नव्हती. अण्णांनी गोणीतलं पिल्लू उचलून तिच्या ओच्यात टाकलं आणि म्हणाले, "ही." राखाडी अंगावर काळे पट्टे होतेच, त्यामुळे नाव चिकटलं.

शेपटीचं टोक जन्मापासून मोडल्यासारखं वाकडं. दुधात भाकरी नुसती बुडवलेली चालत नसे; कुस्करून हवी, आणि ती आजीने कुस्करलेली. धारेच्या वेळी गोठ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. अण्णा सडाची एक चिळकांडी तिच्या तोंडावर मारत, ती अर्धी पीत असे आणि अर्धी मिशांवरून चाटत असे. उंदीर मारण्यात तरबेज होती. घूस दिसली की मात्र जणू दिसलीच नाही, अशा थाटात दुसरीकडे बघायची. मारलेला उंदीर आजीच्या अंथरुणाशी आणून ठेवायची आणि शिव्या खाऊन समाधानाने निघून जायची. पडवीतल्या वेलावर शिंजिराने विणलेलं घरटंही तिनेच ओरबाडलं. आजी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. बुलबुलाची पिल्लं, सरडे, शेजारच्या काकूंच्या गावठी कोंबडीची पिल्लं, कशातही तिला भेदभाव नव्हता. मांजर पोटभर जेवलेलं असलं तरी शिकार सोडत नाही, हे तिच्याकडे बघून कळत होतं. कोंबडीच्या पिल्लांवरून काकूंनी वर्षभर आमच्याशी अबोला धरला तो वेगळाच.

वर्षाची व्हायच्या आत ती व्याली. कांद्याच्या बराखीत चार पिल्लं. मग मांजरीच्या रीतीप्रमाणे घरं बदलणं सुरू झालं: बराखीतून कडब्याच्या गंजीत, गंजीतून काकूंच्या माळ्यावर. पिल्लं अजून अंगावर पीत होती, तेवढ्यात पट्टी पुन्हा गाभण. मांजराचे दिवस जेमतेम नऊ आठवडे. पाच-सहा महिन्यांची मादी गाभण राहू शकते, आणि पिल्लं पाजणारीही पुन्हा भरते. म्हणजे दुसरं वेत दूध सोडेपर्यंत पहिल्या वेतातल्या पोरी वयात आलेल्या. आमच्या वस्तीवर याचा हिशेब कुणी कधी केला नव्हता, कारण प्रत्येक घरी त्यावर एकच उपाय होता. सोडून येणं.

पिल्लं गोणीत घालायची, तोंड सैल बांधायचं, मोटारसायकलवर फाट्याला जायचं. मार्केटच्या कुंपणाशी नाहीतर मटणा-मासळीच्या दुकानांमागे गोणी उघडायची आणि मागे न बघता परतायचं. "तिथं पोटापाण्याचं बघत्यात त्यांचं ती," अण्णा म्हणत. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना कापतात तिथे मुठीएवढी पिल्लं पोटापाण्याचं काय बघणार, हा प्रश्न घरात कुणी विचारत नसे. प्राण्याला उपाशी मरण्याच्या परिस्थितीत सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड 10 ते 50 रुपये, कांद्याला भाव असला तर किलोभराची किंमत.

सोडलेल्यांतला एक पिवळा बोका परत आला. हायवे ओलांडून, उसाच्या बांधाबांधाने, पुढच्या पायाला जखम घेऊन. आजीने हळद लावली. अण्णा नुसते बघत राहिले, आणि बोका राहिला.

सोडून आल्याने जनावर जात नाही, हे आमच्या जुन्नर तालुक्याला तरी माहीत असायला हवं होतं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. माणसांवर हल्ले झाले, तेव्हा पिंजरे लावून धरलेले बिबटे लांब जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्याचा अभ्यास केला. जुन्नर वनविभागात त्या मोहिमेआधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत; 2001 ते 2003 या काळात ते 17 वर गेले, आणि बरेचसे हल्ले बिबटे सोडले त्या जागांच्या आसपासचे. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. त्याला नाव मिळालं आजोबा. तो माळशेजला राहिला नाही. महिनाभरात सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दिशेने निघून गेला. त्याच्यावर 2014 मध्ये सिनेमाही निघाला. टाकळीहून माळशेजला जाणारा हमरस्ता आमच्या फाट्यावरूनच जातो. आमचा पिवळा बोका याच घराण्यातला, फक्त त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता.

बिबट्याच्या नावाने आमच्याकडे गाई-शेळ्यांची काळजी करतात. गोठ्याला जाळी मारतात, रात्री मोटार चालू करायला दोघं मिळून जातात. कुत्रं गेलं तर हळहळतात. मांजर दिसेनासं झालं तर "गेलं असंल कुठं तरी" एवढंच म्हणतात. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा गोळा करून ते काय खातात याचा तपास झाला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातला 87 टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला. त्यात पहिला नंबर कुत्र्याचा, 39 टक्के. दुसरा शेळीचा असेल असं कुणीही सांगेल. पण दुसरा नंबर मांजराचा, 15 टक्के. शेळ्या 11 टक्केच, आणि त्याही परिसरात कुत्र्यांच्या सातपट असताना. हे आकडे मी घरी वाचून दाखवले. अण्णा जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "म्हंजी बिबट्या आपल्या दारात शेळीसाठी न्हाई, पट्टीसाठी येतोय?" वनखात्याच्या एखाद्या पत्रकात ही गोष्ट एवढ्या नेमकेपणाने मांडलेली मी पाहिली नाही. मोकाट मांजर आणि मोकाट कुत्रं ही बिबट्याला अंगणापर्यंत आणणारी वाट आहे, आणि अंगणात पोरं खेळतात. पिवळा बोका त्याच हिवाळ्यात दिसेनासा झाला. तो कुठे गेला असेल याबद्दल यावेळी कुणी काही बोललं नाही.

पट्टीचं ऑपरेशन करायचं ठरलं त्यावर मात्र घरात सगळेच बोलले. आजीचा विरोध सर्वांत मोठा: लेकुरवाळीची कूस बंद करणं म्हणजे पाप. आई चुलीपुढून वळून म्हणाली, "मला कॅम्पात नेलं तवा कुणाला पाप वाटलं न्हाई." विषय तिथे संपला. आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतात, कासदाह बघतात, रेतन करतात. अडीच किलोच्या मांजराला भूल द्यायची म्हटल्यावर एकाने हसून हात जोडले. शेवटी लांबच्या एका दवाखान्यात वेळ मिळाली. न्यायची कशात? टोमॅटोच्या एका कॅरेटमध्ये गोणपाट घालून पट्टी बसवली, दुसरं कॅरेट त्यावर पालथं घातलं, चारी कडा सुतळीने आवळल्या. नारायणगावच्या पुढपर्यंत ती एका सुरात ओरडत होती. दवाखान्यात शहरी मांजरं जाळीदार पिशव्यांतून आली होती. त्यांच्यात आमचं कॅरेट ठेवताना अण्णांना जरा ओशाळल्यासारखं झालं. मला तर ती बांधणी कुठल्याही पिशवीपेक्षा भक्कम वाटली. रेबीजची लसही तेव्हाच टोचून घेतली. मांजरापासून रेबीज होतो हे वस्तीवर अर्ध्या लोकांना ठाऊक नाही. ओरबाडलं की चुना लावून मोकळे होतात.

खरी मारामारी रात्री कोंडण्यावरून झाली. अण्णांचा सवाल बिनतोड होता: "रात्री कोंडलं तर उंदीर कोण धरणार?" बाजरीच्या कणग्या, भुईमुगाच्या शेंगा, गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या, सगळ्यांना दात लागतात. उत्तर आजीने काढलं. उंदीर धान्याच्या खोलीत, तर मांजरही धान्याच्या खोलीत. दिवेलागणीला भाकरी कुस्करून खोलीत ठेवायची, पट्टी आत गेली की कडी. एका कोपऱ्यात पाटीभर माती, तिच्या विधींसाठी. पहिले काही दिवस तिने दार खरवडून काढलं. मग तिला उमगलं की या खोलीत दुसऱ्या कुणाची वाटणी नाही. त्या वर्षी बाजरी शाबूत राहिली, शिंजिराची पिल्लंही उडाली, आणि काकू आमच्याकडे साखर मागायला येऊ लागल्या.

तरी एका घराने कडी लावून वस्तीची मांजरं कमी होत नाहीत, हेही दिसलं. पट्टीची जागा काकूंच्या भाटीने घेतली, पलीकडच्या मळ्यातला बोका आमच्या बराखीवर मुतून हद्द सांगू लागला. बोक्याचंही ऑपरेशन होतं, मादीपेक्षा सोपं आणि स्वस्त. त्याने त्याचं भटकणं आणि भांडणं पुष्कळ उतरतं. पण बोक्यासाठी खिशात हात घालायला कुणी तयार नसतं. पिल्लं त्याच्या दारात होत नाहीत ना. पुणे महापालिकेने 2022 मध्ये मांजर पाळायलाही परवाना लागेल असं ठरवलं, तेव्हा पारावर त्याची खूप थट्टा झाली. मला त्यात थट्टेसारखं काही दिसलं नाही. मांजर कुणाचं, हे कुठेतरी लिहिलेलं असण्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी फायदा होता: मांजराचा.

एका हंगामात आमचा ऊस तुटत असताना पाचटात दोन ठिपकेदार पिल्लं सापडली. बिबट्याची म्हणून तोडकरी पळाले. वनखात्याची माणसं आली आणि त्यांनी सांगितलं, ही वाघाटी. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पुरी वाढली तरी दीड किलोच्या आसपास. पिल्लं दूर कुठे नेली नाहीत. त्याच सरीत, एका कॅरेटमध्ये ठेवली आणि सगळ्यांना लांब जायला सांगितलं. रात्रीतून आई येऊन घेऊन गेली. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राशी जोडलेली ही मंडळी बिबट्याच्या बछड्यांनाही अशीच आईकडे पोहोचवतात. अण्णा सकाळी रिकामं कॅरेट बघून आले. गोणी बांधून फाट्याला नेणारा माणूस तो. काही बोलला नाही, पण कॅरेट धुऊन पट्टीच्या खोलीत नेऊन ठेवलं. वाघाटीच्या वाटेवर घरची मांजरं भांडायला आणि आपले रोग द्यायला जाऊ नयेत, ही कडी लावण्याची आणखी एक बाजू आम्हाला तेव्हा कळली.

पट्टी म्हातारी झाली, जे आमच्या वस्तीवर मांजर सहसा होत नाही. दात पडले, पाणी फार पिऊ लागली, अंग उतरलं. शेवटी शेवटी उंदीर तिच्यासमोरून जात आणि ती त्यांच्याकडे घुशीकडे बघायची तसं बघायची. करोनाच्या टाळेबंदीनंतरच्या हिवाळ्यात ती गेली. गोठ्यामागे पुरली.

पुढे बाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने अण्णांना पिल्लू देऊ केलं. त्याच्या शेडवर मांजरी व्याली होती, चार पिल्लं, हवं ते घेऊन जा. अण्णांनी एक उचललं, उलटं करून मादी आहे का नर ते पाहिलं, आणि गाईच्या सौद्यात करतात तसा रुमालाखाली त्याचा हात धरला.

"पिल्लू नेतो. ऑपरेशन माझ्याकडं. पण आईचं तू करायचं."

"मांजरीचं? आता मांजरीवर बी खर्च?"

"मग ठेव तुझं पिल्लू."

बराच वेळ रुमालाखाली बोटं हलत राहिली. सौदा अखेर निम्म्यावर ठरला: आईच्या ऑपरेशनचा निम्मा खर्च अण्णांचा, गाडीभाडं व्यापाऱ्याचं, आणि उरलेल्या तीन पिल्लांना गिऱ्हाईक दोघांनी मिळून बघायचं.